धुतलेला डबा

ट्रंक बोर्डावर दिवा पेटला की हात आपोआप कॉर्डकडे जायचा. मी १९७९ साली टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरीला लागले तेव्हा २२ वर्षांची होते. पश्चिम महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं गाव. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातली माणसं अजून तिथं राहतात.

लांबलचक खोली, भिंतीशी ओळीनं लावलेले बोर्ड आणि प्रत्येक बोर्डापुढे उंच खुर्चीवर एकेक मुलगी. कानाला हेडसेट, हाताशी तिकिटांचा गठ्ठा. कुणी १८० फिरवून कॉल बुक केला की तिकीट लिहायचं. कुठला कॉल, कोणता नंबर, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग. पीपी असेल तर ज्याला बोलवायचं त्याचं नाव. मग लाइनची वाट बघायची. मुंबई मिळायला कधी तास लागे, कधी अख्खा दिवस जाई. मिळाली की घसा ताणून "बोला, मुंबई बोला" म्हणायचं, आणि तीन मिनिटं झाली की मध्ये पडून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" बाहेर धो धो पाऊस, खिडकीच्या काचा वाफेनं धुरकट झालेल्या, मागे मॉनिटरबाईंच्या चपलांचा आवाज, कुणीतरी घरून आणलेल्या लिंबाच्या लोणच्याचा वास. त्या खोलीची आठवण आली की अजून जीव तिथं रमतो.

आम्ही सगळं ऐकायचो. ऐकू नये असं होतं, पण लाइन नीट लागली आहे का हे बघायला कानात घ्यावीच लागे, आणि तेवढ्यात माणसाचं आयुष्य ऐकू येई. कुणाची मुलगी नांदायला जायची नाही म्हणून रडतेय, कुणाचा ट्रक घाटात अडकलाय, कुणाच्या घरी बापाचा शेवटचा श्वास चाललाय आणि मुलगा सुरतेला. नोकरीला लागतानाच बजावलं होतं की इथलं बाहेर बोलायचं नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात निरोप फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा होती. पण खरं सांगायचं तर कायद्याच्या भीतीनं कुणी गप्प बसत नसे. आम्हाला त्याचा अभिमान होता. आईनं खोदून खोदून विचारलं तरी मी कधी सांगितलं नाही. बोर्डावरचं बोर्डावर ठेवून जिना उतरायचा.

गुपित ठेवणं हा आमचा धर्म होता, आणि त्या धर्माच्या आडून मी एक पाप केलं. तेव्हा ते पाप वाटलं नव्हतं, मैत्री वाटली होती.

माझ्या शेजारच्या बोर्डावर बसणारी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लग्न झालेली, एक मूल. आवाज असा की ट्रंकवरचे व्यापारी उगाच कॉल लांबवत. घरी सासू, आणि मिस्टर कोर्टात कारकून. कोर्ट आमच्या ऑफिसपासून चालत सात-आठ मिनिटांवर. आम्हा दोघींना कधी सलग ड्यूटी असे, कधी स्प्लिट. स्प्लिट म्हणजे सकाळी चार तास, मधे मोकळीक, पुन्हा संध्याकाळी चार तास. त्या मधल्या वेळात बायका घरी जाऊन स्वयंपाकपाणी आवरून परत यायच्या.

१९८३ चा पावसाळा. कपिलच्या संघानं विश्वचषक जिंकला ते दिवस, म्हणून साल नक्की आठवतं. तिनं मला जिन्यात थांबवलं आणि म्हणाली, "घरी मी सांगितलंय की माणसं कमी आहेत, सलग ड्यूटी लागलीय. कुणी विचारलं तर तेवढं सांभाळ." तिला स्प्लिट होती. मधल्या पाच तासांत ती कुठं जाते हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण मला माहीत होतं. गावात बदलून आलेला एक अधिकारी होता, त्याचे कॉल आम्हीच जोडून द्यायचो आणि ते जोडताना तिचा चेहरा कसा होतो ते मी शेजारच्या खुर्चीवरून बघितलं होतं. मी "हो" म्हटलं. एका अक्षराचं काम.

दोन दिवसांनी दुपारी दीडच्या सुमाराला चौकीदार वर येऊन म्हणाला, "खाली बोलावलंय." स्विचरूममध्ये बाहेरच्या माणसाला येऊ देत नसत. मी खाली गेले तर तिचे मिस्टर उभे. छत्री मिटलेली, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि हातात पितळेचा तीन पुडांचा डबा, वर फडकं बांधलेला.

"ताई, ती दिवसभर बसून असते म्हणे बोर्डावर. आईनं डबा दिलाय. तिला बोलावता का?"

मी म्हणाले, "ती लाइनवर आहे, उठता यायचं नाही. द्या माझ्याकडे."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला. अजून कोमट होता. "गरम आहे तोवर खायला सांगा," एवढं म्हणून ते छत्री उघडून निघाले. मी वर आले, आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की हा डबा संध्याकाळी तिच्याबरोबर घरी जाणार आहे आणि तो भरलेला जाऊन चालणार नाही. टाकवेना. अन्न टाकायची आमच्या घरची पद्धत नव्हती. मी मागच्या खोलीत बसून तो खाल्ला. ज्वारीची भाकरी, आमटी, उसळ, कडेला शेंगदाण्याची चटणी. नळाखाली धुतला, फडकं पुन्हा बांधलं आणि तिच्या कप्प्यात ठेवला. ती संध्याकाळी आली तेव्हा केसांना पावसाचा वास होता. डबा बघून क्षणभर पांढरी पडली, मग माझा हात दाबला.

असे पाच डबे. पाचही मी खाल्ले. पाचही वेळा त्या माणसाच्या तोंडावर सांगितलं की ती लाइनवर आहे. तिसऱ्या वेळेपासून माझा आवाज अजिबात कापत नव्हता. पावसाळ्याअखेर त्या अधिकाऱ्याची बदली झाली, ती पुन्हा दुपारी घरी जायला लागली आणि डबे बंद झाले. संपलं, असं मी समजले.

आज मागं वळून बघताना पहिली गोष्ट जाणवते ती ही, की त्या काळात असं काही लपवायला माणसं लागत. एकट्यादुकट्याचं ते कामच नव्हतं. कुणीतरी खोलीची किल्ली द्यायची, कुणीतरी चिठ्ठी पोचवायची, कुणीतरी म्हणायचं की कालची अख्खी दुपार ती आमच्याकडे पापड लाटत होती. पुढे चौकाचौकात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. मग काचेच्या खोक्यात माणूस पाठ फिरवून बोलायचा आणि बाहेर बूथवाला लाल आकडे पळताना बघत बसायचा. रात्री उशिरा पाव दरात कोण रोज येतं, कोणता नंबर लावतं, हे त्याला पाठ असे. तोही बोलत नसे. गावात गुपित म्हणजे चार-पाच जणांनी मिळून उचललेलं ओझं होतं.

ही रीत आपल्याकडे फार जुनी. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला महाराष्ट्री प्राकृतातला गाथासप्तशती हा संग्रह स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठीत आणला, तो मी निवृत्तीनंतर वाचला. गोदाकाठची शेतं, तिथली चोरटी प्रीत आणि तिला हात देणाऱ्या सख्या, दूती. त्यात एक गाथा आहे. बाईला विंचू चावल्याचं सोंग केलंय, आणि चतुर सख्या तिचे दोन्ही दंड धरून, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत, तिला वैद्याच्या घरी घेऊन चालल्यात. तो वैद्यच तिचा प्रियकर. वाचणारा हसतो, सख्यांना दाद देतो. मला हसू आलं नाही. मी त्या नवऱ्याचा विचार करत बसले. बायकोला विंचू चावलाय म्हटल्यावर त्याचा जीव घाबरा झाला असेल. त्या सख्यांना त्यानं मनातून हात जोडले असतील.

कायद्यानंसुद्धा या सख्यांकडे कधी नीट बघितलं नाही. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ४९७ परक्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगत होतं, तीही नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवला म्हणून, जणू बाई ही नवऱ्याची वस्तू. पत्नीला मात्र साहाय्यक म्हणूनही दोषी धरायचं नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि नवऱ्यानं बाहेर काही केलं तर त्याच्या बायकोला फिर्यादीचा हक्क नव्हता. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते कलम रद्द केलं. झालं ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे. प्रेम तुटलं किंवा दुसरीकडे जडलं म्हणून कुणाला तुरुंगात घालणं रानटीपणाचं. त्याला लागूनचं कलम ४९८ मात्र, विवाहित स्त्रीला वाईट हेतूनं फूस लावणाऱ्याबद्दलचं, लपवून ठेवणाऱ्याबद्दलचं, नव्या न्याय संहितेतही कलम ८४ म्हणून राहिलं आहे. पण तिथंही लपवायचं ते बाईला. डबा खाणाऱ्यासाठी कुठलंच कलम नाही, आणि असूही नये. ते ज्याचं त्यानं बघायचं.

इथं एक गोष्ट मला न चुकता सांगितली पाहिजे, नाहीतर मी त्या काळावर अन्याय करीन. आमच्याच गल्लीत एक बाई होती. तिचा नवरा तिला पट्ट्यानं मारायचा. ती दुपारी शिवणाच्या क्लासला म्हणून निघायची आणि एका माणसाकडे जायची, जो तिच्याशी नीट बोलायचा. माझ्या आईनं तिच्यासाठी दोनदा दारात उभं राहून खोटं सांगितलं होतं, "आत्ताच गेली की, माझ्याकडेच होती." ते आईनं बरोबर केलं. खरं बोलली असती तर त्या रात्री त्या घरात काय झालं असतं ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तिला माहेर नव्हतं, पैसा नव्हता, आणि घटस्फोट ही वर्तमानपत्रात वाचायची गोष्ट होती. तिथं झाकणं म्हणजे अंगावर पांघरूण घालणं होतं. आजही तशी वेळ आली तर मी डोळे मिटून खोटं बोलेन.

पण माझ्या मैत्रिणीच्या घरी पट्टा नव्हता. तिथं भिजत डबा घेऊन येणारा माणूस होता. मी वर्षानुवर्षं मनाशी म्हणत आले की बायकांनी बायकांना सांभाळायचं असतं. ते वाक्य गल्लीतल्या त्या बाईचं होतं. मी ते उचलून माझ्या मैत्रिणीच्या कप्प्यात ठेवलं. गप्प राहणं आणि खोटं सांगणं यातला फरकही मला तेव्हा सोयीनं विसरता आला. ती कुठं जाते हे मी कुणाला सांगितलं नाही, याचं मला आजही काही वाटत नाही. ते तिचं होतं, बोर्डावरचं बोर्डावर. पण जो माणूस तोंडावर विचारत होता, त्याच्या हातून तिच्यासाठी आणलेलं अन्न मी घेतलं. तिथं मी गुपित राखणारी उरले नव्हते.

आता काळ बदलला म्हणजे किती बदलला. आमची ती खोली केव्हाच गेली. आधी थेट डायलिंग वाढलं, मग बोर्ड निघाले, आम्हाला चौकशीच्या १९७ वर आणि बिलाच्या खिडकीवर बसवलं, २००० च्या ऑक्टोबरात खात्याचं भारत संचार निगम झालं. मी २०१७ ला निवृत्त झाले. आता लपवायला चौकीदार लागत नाही, किल्ली देणारा मित्र लागत नाही. मेसेज आपले आपण नाहीसे होतात, एका फोनात दोन सिम असतात, नाव बदलून नंबर ठेवता येतो. आणि पकडायलाही माणूस लागत नाही. पुण्याहून निघालेल्या गाडीचा टोल फास्टॅगमधून कापला गेला की त्याचा संदेश ज्याचा नंबर नोंदलाय त्याच्या फोनवर वाजतो, मग तो घरी स्वयंपाकघरात का असेना. चोरून केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंगसुद्धा घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. यंत्रंच लपवतात, यंत्रंच उघडं पाडतात.

मला वाटायचं, चला, निदान मधल्या माणसाची सुटका झाली. तसं नाही, हे मला माझ्या भाचीनं दाखवलं.

ती हिंजवडीला नोकरी करते, ३१ वर्षांची आहे, गेल्या जुलैत माझ्याकडे राहायला आली होती. शनिवारची सकाळ. ओट्याशी उभी राहून मला भाजी निवडून देत होती आणि एका हातानं फोन बघत होती. मधेच थांबली. चेहरा उतरला, म्हणून मी विचारलं. म्हणाली, काही नाही. मग थोड्या वेळानं आपणहून बोलायला लागली.

तिच्या टीममधला एक मित्र. त्यानं आदल्या दिवशी तिला सांगितलं होतं, "घरी म्हटलंय की टीम लोणावळ्याला चाललीय. बायकोनं विचारलं तर हो म्हण, आणि आज तू कुठले फोटो टाकू नकोस." तो कुठं आणि कुणाबरोबर गेला हे भाचीला ठाऊक होतं. त्याच्या बायकोशीही तिची चांगली ओळख. संक्रांतीला तिच्याकडे हळदीकुंकवाला जाऊन आलेली, तिच्या मुलीला मांडीवर घेतलेली. आणि आत्ता तिचा मेसेज आला होता. भाचीनं फोन माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, "पोचलात का गं सगळे? घाटात पाऊस फार आहे म्हणतायत, काळजी वाटली." आणि त्या मेसेजखाली भाचीनं दिलेला अंगठा. पिवळा, नखाएवढा.

"मावशी, मी काही खोटं लिहिलं नाही. एक शब्दसुद्धा नाही," ती म्हणाली. "नुसता अंगठा दिला. पण मला कसंतरी होतंय. मी काय केलं एवढं?"

मी चष्मा लावून तो अंगठा पुन्हा बघितला. आमच्या लहानपणी ज्याला सही येत नसे तो सावकाराच्या कागदावर अंगठा उठवायचा, आणि मग त्यावर लिहिलेलं सगळं त्याला मान्य आहे असं धरलं जायचं. कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचता यायचं नाही. माझ्या भाचीला वाचता येत होतं.

मला तो पितळेचा डबा हाताला कोमट लागला. मी तिला पाच डब्यांची गोष्ट सांगितली, जी मी तोवर कुणालाही सांगितली नव्हती. माझ्या नवऱ्यालाही नाही. आणि मग तिचा दुसरा भागही सांगितला.

माझी ती मैत्रीण आठ वर्षांपूर्वी गेली, कॅन्सरनं. चौदाव्याला मी गावी गेले. तिचे मिस्टर आता थकलेले, हातात काठी. माणसं पांगल्यावर त्यांनी मला अंगणात खुर्ची दिली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मुलगा कुठं असतो, गुडघे कसे आहेत. मग ते म्हणाले, "ताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. बरीच वर्षं झाली, आता राग नाही. त्या पावसाळ्यात आईनं एका दिवशी डब्यात शेपू दिला होता, आठवतं?"

मला आठवत होतं. चौथा डबा. शेपूची मुगाची डाळ घातलेली भाजी, वर लसणाची खरपूस फोडणी. मला फार आवडली होती.

"ती शेपू खात नव्हती. वासानं उठून जायची. आईला मी म्हटलं होतं, अगं तिला नको देऊस, पण घरात दुसरं काही केलेलं नव्हतं. मी म्हटलं, चटणी-भाकरी खाईल आणि भाजी परत येईल. संध्याकाळी मी डबा उघडला. चाटून-पुसून धुतलेला."

मी काही बोलू शकले नाही. शेजारच्या खुर्चीवर चार वर्षं बसून मला एवढं माहीत नव्हतं, की तिच्या डब्यात शेपू कधी आला नव्हता.

"तुम्ही तिला विचारलं नाहीत?" मी शेवटी म्हणाले.

"नाही. तिचं-माझं मी माझ्या मनात मिटवलं. त्याला वर्षं लागली, पण मिटलं. पुढे तिनंही मला फार जपलं, खोटं कशाला बोलू." मग बराच वेळ ते काठीनं मातीवर रेघा ओढत होते. "पण दुसऱ्याच दिवसापासून मला गाव परकं झालं, ताई. तुम्हाला माहीत आहे, म्हणजे अजून कुणाकुणाला? चौकीदाराला? समोरच्या चहावाल्याला? कोर्टात कुणी हसलं की वाटायचं, मलाच हसतोय. तुमच्या लग्नाचं आमंत्रण आलं होतं, मी आलो नाही. तिनं फसवलं तर घर मोडतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून फसवलंत, तर माणूस जाणार कुठं?"

राग खरंच नव्हता त्यांच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं. मी "माझं चुकलं" म्हणाले, ते त्यांनी ऐकून घेतलं. "शेवटचा डबा मी मुद्दाम आणला होता," ते म्हणाले. "म्हटलं, आज तरी ही सांगेल की ती इथं नाही. एवढंच सांगेल, पुढचं काही नको." पाचव्या डब्याच्या वेळी, म्हणजे माझा आवाज अजिबात कापत नव्हता तेव्हा, समोरचा माणूस सगळं जाणून उभा होता. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं होतं की ती लाइनवर आहे.

भाची ऐकत होती. निवडलेली भाजी तशीच ताटात. गॅसवरचं दूध उतू जाता जाता राहिलं.

"मग आता मी तिला कळवू का, की तो लोणावळ्याला नाहीये?" तिनं विचारलं.

मी नको म्हणाले. त्यांच्या संसारात आपण हात घालायचा नाही. त्या घरात काय आहे ते आपल्याला कुठं माहीत, आणि अशी बातमी तिसऱ्याच्या तोंडून आली की ती ऐकणाऱ्याला वर आणखी लाज सोसावी लागते. पण त्या मित्राला सांग, असं मी म्हटलं. तुझं गुपित मी फोडणार नाही, पण यापुढे तिनं मला विचारलं तर मी तुझ्यासाठी उत्तर देणार नाही. तिला म्हणेन, त्यालाच विचार. आणि आज-उद्यात तूच तिच्याशी काय ते बोल.

"मैत्री तुटेल," ती म्हणाली.

"तुटेल," मी म्हणाले. माझी तुटली नाही. आम्ही दोघी शेवटपर्यंत दिवाळीला एकमेकींना फोन करत होतो, आणि त्या पावसाळ्याबद्दल एकदाही बोललो नाही. पस्तीस वर्षं तीच तीच चौकशी. मुलं कशी आहेत, पाऊस किती आहे. तिनंही कधी शेपूचं सांगितलं नाही. तिला ते कळलं तरी होतं का, हे आता विचारायला ती नाही.

भाची बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. तीन-चार ओळी लिहायला तिला पाऊण तास लागला. लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मला आतून तिच्या बोटांचा टकटक आवाज येत होता, आणि मधेच थांबला की मी हातातलं काम सोडून कान द्यायची. मग ती आत आली. मेसेज पाठवला होता. "अंगठाही काढला मी," ती म्हणाली. "पण तिनं तो बघितलाय, मावशी. त्याच्याखाली तिनं लिहिलंय, बरं वाटलं, थँक यू."

फोन तिनं ओट्यावर ठेवला. थोड्या वेळानं मित्राला पाठवलेल्या मेसेजपुढे दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. मी तवा ठेवला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.